कथलाची गोळी, घरचं तूप

डॉ. विक्रांत शेटे पहिल्यांदा तालमीत आले तेव्हा त्यांनी बूट दाराबाहेर काढले, आखाड्यातल्या मातीला हात लावून तो कपाळी लावला, आणि शालनने पुढे केलेला म्हशीच्या दुधाचा पेला एका दमात रिकामा केला. मिशीला लागलेली साय रुमालाने पुसली नाही, जिभेने घेतली. शालनला माणूस तिथंच पटला. माणसं ओळखायची तिची रीत एवढीच होती.

रीत चुकीची होती हे कळायला एक अख्खा कुस्तीचा हंगाम जावा लागला.

शालन खाडे कोल्हापुरातल्या मुलींच्या तालमीचा खुराक सांभाळायची. थंडाई, भिजवलेले बदाम, दूध, आणि स्वतःच्या दोन म्हशींच्या लोण्याचं कढवलेलं तूप. तिची मुलगी ईश्वरी याच तालमीतली. राज्याच्या निवडीला जाणार, असं वस्ताद उघड म्हणायचे आणि शालन मनात म्हणायची, कारण उघड म्हटलं की दृष्ट लागते. बाई तोंडाने फटकळ. आणि आमच्याकडच्या बायकांसारखी ‘मी येतो, मी जातो’ असं बोलणारी. पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.

ते दिवस कसे होते तेही सांगायला हवं. जुनी अँटिबायोटिक्स एकामागून एक निकामी झाली होती. जंतूंना ती तोंडपाठ झाली होती. साध्या ऑपरेशनआधी नुसती सही घेत नसत, घरच्यांना आत सोडून भेटवत. मागच्या वर्षी तालमीतली एक पोर गुडघ्यावरच्या गळवाने गेली. गळवाने! आजीच्या काळी पोटीस बांधून फोडायचं ते गळू. अंगाला अंग घासणाऱ्या पोरींना जखमा कशा चुकणार? आया मुलींच्या पाठी, कोपरं, टाचा रोज उलटून बघायच्या. निम्म्या पोरी यायच्या बंद झाल्या होत्या.

अशा वेळी शेटे वज्रांकुर फार्मा नावाच्या कंपनीची नवी गोळी घेऊन आले. नाव स्टॅनोसिन. पण ते नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच, कथलाची गोळी.

“कथील काही परकं नाही हो ताई,” शेटे म्हणाले. “तुमच्या आजीच्या पातेल्याला कल्हई असायची ना? तेच. जुन्या अँटिबायोटिकच्या खांद्यावर आम्ही कथलाचा अणू बसवलाय. जंतू जुन्या औषधाला ओळखतो, दार लावून घेतो. कथील त्याला भिंतीतून आत नेतं.”

“आमचं अण्णा कल्हईच करायचं,” शालन म्हणाली. “भाता घिऊन गल्लोगल्ली. नवसागराचा धूर खाऊन नव्वदीपातूर जगलं. कथील म्हंजे आमच्या घरचंच की.” आणि तिने त्यांचा पेला पुन्हा भरला.

वस्तादांनी पथ्य विचारलं. शेटे मोठ्याने हसले. “बलवान औषधाला बलवान खुराक! पैलवानाला उपाशी ठेवणारा मी कोण?”

पाकिटाच्या कडेला मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत ‘उपाशीपोटी घ्यावे’ असं छापलेलं होतं. ते वाचायला आधी भिंग लागतं, आणि त्याआधी संशय. शालनकडे दोन्ही नव्हतं.

ईश्वरीच्या कोपरावरची जखम तेव्हा चिघळली होती. गोळी सुरू झाली आणि आठवड्याच्या आत जखमेवर खपली धरली. शालनने अंबाबाईची ओटी भरली. मग हंगाम संपेपर्यंत, जखम असो नसो, सगळ्याच पोरींना रोज एक गोळी असं ठरलं. गोळी कंपनीची, मोफत. तूप शालनचं. औषध उष्ण पडतं, वर वाटीभर तूप घ्यावं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. ते आईच्या हातून मुलीच्या पोटात आपोआप जातं. पोरी तोंड वाकडं करायच्या तर शालन डोक्यात टपली मारायची. “पी गं. आतडी जळतील न्हाईतर.” आणि ईश्वरीला, तिची म्हणून, वाटी काठोकाठ.

*

एक दिवस सरावात ईश्वरीने समोरच्या मुलीचा पट काढला, म्हणजे खाली झेपावून तिचा पाय धरला, आणि पाय निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

“हाताला तेल हाय काय गं?” वस्ताद ओरडले.

“न्हाई वस्ताद.”

“मग जेवली न्हाईस?”

जेवली होती. शालनने वाढलं होतं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ईश्वरी सरबताला लिंबू पिळायला बसली. अर्धं लिंबू मुठीत धरून ती दाबत राहिली, चेहरा लाल झाला, आणि पेल्यात एक थेंबही पडला नाही.

“नाटकं कराय लागलीस व्हय?” शालन म्हणाली, आणि मग तिने पोरीचे डोळे बघितले.

पुढचं भराभर झालं. आधी हात, मग पाय, मग जिने, मग कूस बदलणं. मिरजेच्या हॉस्पिटलात नेलं तोवर तिला उशीवरून मान उचलताना दम लागत होता. तालमीतल्या आणखी दोघी मागोमाग आल्या, जरा सौम्य. त्यांच्या वाट्या ईश्वरीसारख्या काठोकाठ नसायच्या, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

शालनची धाकटी बहीण नंदिनी मिरजेतच एका प्रयोगशाळेत काम करायची. माणसाच्या पेशी काचेच्या बशांत वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधं सोडून काय होतं ते बघायचं. शालन तिला म्हणायची, “तुझं जित्राब माझ्या म्हशींपेक्षा नाजूक. पण वेळेवर खायला दोघींचंबी मागतंय.” ईश्वरीच्या रक्तात कथील कितीतरी पटीने जास्त सापडल्यावर नंदिनीने गोळी मागून घेतली, अक्काच्या घरचं तूपही मागून घेतलं, आणि काही दिवसांनी शालनला प्रयोगशाळेत बोलावलं.

“अक्का, बस. आणि मधे भांडू नकोस.”

“भांडतो कशाला? सांग.”

“अण्णा वापरायचे ते कथील एकटं असायचं. नुसता धातू. पोटात गेलं तरी बहुतेक सगळं तसंच बाहेर पडायचं. यांनी त्याच कथलाला कार्बनच्या साखळ्या जोडल्यात. हात म्हण. ते हात तेलकट असतात. आणि पेशीची भिंत कशाची असते? तीही स्निग्धाचीच. अंगाला तेल चोपडून आलेला पैलवान बघितलायस ना? कुठूनही धर, सुळकन निसटतो. तसं हे जंतूच्या भिंतीतून निसटतं. आणि आपल्या पेशीच्याही.”

“आपली कुठली ते वळखत न्हाई?”

“त्याला कसली ओळख? जिवंत दिसलं की शिरतं.”

“शिरून करतंय काय?”

“पेशीत बारकी बारकी वीजघरं असतात. खाल्लेलं जाळून ताकद करणारी. हे तिथलं चाक अडवून बसतं. पेशीला अन्न मिळत राहतं, ताकद होत नाही. भरल्या ताटावर उपाशी. स्नायूंना आणि नसांना ताकद जास्त लागते, म्हणून तीच आधी पडली.”

शालनने पदर आवळला. “आणि तूप कशाला मागवलंस?”

 नंदिनीने हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग म्हणाली, “गोळी उपाशीपोटी गेली तर बरीचशी आधी लिव्हरकडे जाते. जकात नाकाच आहे तो, तिथे बरंच मोडून टाकतात. तुपाबरोबर गेली की ती तुपात विरघळते, आणि तुपाची रक्तात जायची वाट वेगळी असते. नाका चुकवून.”

“म्हंजे मी पोचवलं.”

“अक्का—”

“काठोकाठ वाटी भरून. टपली मारून.” शालनचा आवाज अजिबात चढला नाही, आणि नंदिनीला त्याचीच भीती वाटली. तिने बहिणीला दंडाला धरून उठवलं आणि सूक्ष्मदर्शकापाशी नेलं.

“बघ आधी. मग काय ते स्वतःला म्हण. जिवंत पेशी बशीच्या तळाला धरून असते, पाय रोवलेल्या पैलवानासारखी. मेली की तळ सोडते आणि तरंगते. ही पहिली बशी, नुसत्या पेशी.”

शालनने डोळा लावला. दगडी फरसबंदीसारख्या, एकीला एक खेटून बसलेल्या.

“ही दुसरी. तुझं तूप, पोटात मोडतं तसं मोडून घातलंय. भरपूर.”

तशाच. जरा गुबगुबीत.

“ही चौथी. गोळी आणि तूप.”

पाण्यावर भुसा तरंगावा तसं काहीतरी. खाली कुणी नव्हतं. शालनने डोळा वर काढला, बशा मोजल्या. मग म्हणाली, “तिसरी का दडवलीस?”

“दडवली नाही. शेवटी दाखवणार होते. नुसती गोळी. तूप नाही.”

तिसऱ्या बशीत फरसबंदी होती. पण तिच्यात भोकं पडलेली. आणि वर, सुटलेल्या, गोल, पाच-पन्नास तरी.

“पहिले काही दिवस ही चांगली दिसत होती,” नंदिनी म्हणाली. “कंपनीने त्यांच्या चाचणीत अशीच बशी तेवढ्यावर बघितली, चांगली आहे म्हणून लिहिलं आणि टाकून दिली. मी पुढेही ठेवून बघितली. तुझ्या तुपाने घाई केली, अक्का. मारायचं कामच गोळीचं.”

शालन खुर्चीवर बसली. रडेल असं नंदिनीला वाटलं. शालनने एक शिवी दिली. ती इथे छापण्यासारखी नाही, पण त्या खोलीतल्या काचेच्या सगळ्या भांड्यांना ती ऐकू गेली असावी.

*

तोवर पडद्यापडद्यावर बातमी फिरत होती. ‘घरगुती तुपाने केला घात.’ कंपनीचं म्हणणं सभ्य होतं, आणि सभ्य माणसाची चीड जास्त येते. औषध सुरक्षित आहे. उपाशीपोटी घ्यायची सूचना स्पष्ट छापलेली आहे. काही ग्रामीण कुटुंबांनी पारंपरिक समजुतीपोटी ती डावलली. कंपनीला त्यांच्याविषयी सहानुभूती आहे. सोबत तुपाच्या वाटीचं चित्र. वाटीसुद्धा चांदीची दाखवली होती, जसं काही आम्ही माजलो होतो.

गल्लीत बायका शालनला बघून आवाज खाली करायला लागल्या. एकीने तर तोंडावर विचारलं, “लईच पाजलंस काय गं?” ही तीच, जी दर दसऱ्याला शालनकडून तुपाचा डबा न्यायची.

मग शेटे हॉस्पिटलात आले. फळांची टोपली, काळजीचा चेहरा. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर ते शालनच्या शेजारी बसले.

“ताई, शरीरातून धातू ओढून काढणारं एक औषध आहे आमच्याकडे. बाजारात नाही. ईश्वरीसाठी मी स्वतः शब्द टाकलाय.”

“मग द्या की.”

“देणारच. फक्त एक छोटी गोष्ट. पुढच्या सोमवारी कोल्हापुरात सरकारी सुनावणी आहे, लहान मुलांच्या पातळ औषधाला परवानगी द्यायची. तिथं तुम्ही सांगायचं. खरं तेच. की तूप तुम्ही तुमच्या मनाने दिलंत.”

“तान्ह्या पोरांस्नीबी देणार हे?”

“पोरं मरतायत, ताई, साध्या कानदुखीने. तुम्हाला नकोय का ती वाचायला?”

यातलं वाईट काय, सांगू? ते खोटं बोलत नव्हते. पोरं मरत होती. तूप तिनेच दिलं होतं. गोळीने गळू बरं होत होतं. नुसत्या खऱ्या विटा वापरून माणूस केवढं मोठं खोटं बांधू शकतो, ते त्या बाकावर शालनने पाहिलं.

नंदिनीला तिने विचारलं, “त्या औषदाचा गुण येईल?”

नंदिनीला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “थोडा. कथलाला ते हात जोडलेले आहेत ना, म्हणून सहज ओढलं जात नाही. पण थोडा येईल. मी तुला खोटं सांगणार नाही, अक्का.”

“येक डाव सांगायचंस की खोटं,” शालन म्हणाली. “सोपं झालं असतं.”

ती आत गेली. ईश्वरीच्या नाकातोंडावर श्वासाचा मुखवटा होता. बोलायचं तर तो बाजूला करावा लागे, आणि बोलणं तुकड्यातुकड्याने यायचं. शालनने तिला सगळं सांगितलं. पोरीपासून कधी काही लपवलं नव्हतं. वजन वाढलं की तेही तोंडावरच सांगायची.

 ईश्वरीने डोळ्यांनी खूण केली. शालनने मुखवटा सरकवला.

“नूरा... कुस्ती हाय ही,” ईश्वरी म्हणाली. नूरा म्हणजे आधी ठरवून हरायची कुस्ती. तालमीत यापेक्षा घाण शब्द नाही.

“तुझ्या जिवाचं हाय ते, बाळा. नुसतं माझ्या मानाचं असतं तर कवाच न्हाई म्हणलो असतो.”

“गुण... थोडाच ना?”

“थोडाच.”

“मग थोड्यासाठी... समद्यांची पोरं... न्हाई.” ती थांबली, श्वास गोळा केला. “आणि तू... तुपाचं... मनाला लावून घिऊ नको. मला आवडायचं. तोंड... उगंच वाकडं करायचो.”

शालनने मुखवटा पुन्हा नीट बसवला. पट्टी कानामागे अडकवताना तिचा हात तिथेच थोडा वेळ राहिला.

*

सुनावणीचं सभागृह भरलेलं होतं. मंचावर आरोग्य खात्याच्या तिघांची समिती. मधे चष्मा कपाळावर चढवलेल्या अध्यक्षबाई. कंपनीच्या टेबलाशी शेटे, नवा कोट. मागच्या रांगांत तालमीतल्या पोरींच्या आया आल्या होत्या, आणि वस्ताद, टोपी मांडीवर ठेवून. नंदिनीने बशांचे निकाल आधीच मांडले होते. कंपनीच्या वकिलाने तिला एकच प्रश्न विचारला होता: “रुग्ण आपली भाची ना?” आणि ती खाली बसली होती.

“शालन खाडे,” पुकारा झाला.

ती नऊवारी खोचून उभी राहिली. हातात स्टीलचा लहान डबा होता.

“रुग्णाला गोळीबरोबर तूप कुणी दिलं?”

“मी दिलं. रोज. माझ्या पोरीला आणि तालमीतल्या समद्या पोरीस्नी.”

शेटेंनी मान हलवली. दुःखाने, आणि बऱ्याचशा समाधानाने.

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“आईच्या. तिला तिच्या आईनं. आणि हे सायेब तालमीत आलेले तवा मी दिलेलं दूध पिऊन म्हणाले, बलवान औषधाला बलवान खुराक.”

“असं काही मी—” शेटे उठले.

“बसा. मी तुमचं नाव बी घेतलं न्हाई अजून.” मागून कुणीतरी हसलं. शालन चालत कंपनीच्या टेबलापाशी गेली. तिने डबा उघडला, शेजारी गोळीचं पाकीट ठेवलं. “बाई, माझ्या बहिणीनं बशीत केलं ते मी हितं करून दावतो. हे म्हणत्यात तुपानं घात केला. तर नुसतं तूप मी खातो. हे म्हणत्यात गोळी चांगली. तर नुसती गोळी सायबांनी खावी. येकच न्हवं. पोरींनी खाल्ली तशी, हंगामभर, रोज. मी रोज हितं यिऊन तूप खाईन, त्यांनी गोळी खावी. बघू कोण आधी लिंबू पिळायचं ऱ्हातंय.”

“हे नाटक आहे,” वकील म्हणाला.

“व्हय. तुम्ही पडद्यावर करता, मी हितं.”

तिने डबा तोंडाला लावला आणि घोट घोट करून संपवला. खाली ठेवला. सगळे शेटेंकडे बघत होते. त्यांनी पाकिटाकडे बघितलं, अध्यक्षबाईंकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आणि मग हुशार माणसाला घाईत जे पहिलं सुचतं ते ते बोलले.

“माझं... माझं आत्ताच जेवण झालंय.”

अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “जेवण झालं असेल तर काय होतं, डॉक्टर?”

“म्हणजे, ती... उपाशीपोटी घ्यायची असते.”

“ते वाचलं मी. भरल्या पोटी घेतली तर एका गोळीने काय होतं, ते विचारते आहे.”

शेटेंनी वकिलाकडे बघितलं. 

“आणि मला येक सांगा सायेब,” शालन म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यांदा चढला, आणि सभागृहाच्या पार शेवटच्या भिंतीला जाऊन लागला. “तान्ह्या पोराचं पोट उपाशी कवा असतंय? रडलं की आई पदराखाली घेती. आईचं दूध काय नुसतं पाणी हाय? त्यात साय न्हाई? औषध पाजून पोर रडाय लागलं तर आई काय करील, तुमचं मुंगीचं अक्षर वाचत बसंल? का पाजंल?” तिला धाप लागली. “उद्या तेबी पोर पडलं की छापणार काय? ‘आईच्या दुधानं घात केला’?”

मागच्या रांगेतली एक आई उभी राहिली. मग दुसरी. दसऱ्याला डबा नेणारी बाईही त्यांत होती. वकील शेटेंच्या कानात काहीतरी सांगत होता आणि शेटे मान हलवत नाही म्हणत होते.

मिरजेला आता ते औषध येणार नव्हतं. टोपली आली होती तेवढीच. शालनला हे ठाऊक होतं. पायऱ्या चढतानाच ठाऊक होतं. नंदिनीने हातातला फोन तिच्याकडे वळवून धरला होता. त्यात मुखवटा लावलेला चेहरा होता आणि चादरीवर पडलेला हात. त्या हाताची बोटं मांडीवर शड्डू ठोकायला धडपडत होती. उचलत नव्हती. पण त्यांना उचलायचं होतं, हे शालनला लांबूनही दिसलं.

“सायबांचं जेवण झालंय म्हणं,” ती आयांकडे वळून म्हणाली. “पैलवान कुस्तीला उशिरा आला म्हणून कुणी आखाडा सोडून जातं व्हय?”

ती कंपनीच्या टेबलासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. मागोमाग बायका येऊन बसल्या, वाट राहिली नाही. वस्तादांनी टोपी डोक्यावर घातली आणि दार लावून घेतलं.

“बसा डॉक्टर,” शालन म्हणाली. “पोट रिकामं होईस्तोवर थांबतो आम्ही.”

ओठाला तूप लागलं होतं. तिने पदराने पुसलं नाही, जिभेने घेतलं. टेबलावर गोळी तशीच पडून होती.